गुहागर ते रत्नागिरी सायकलने: सोलापूरच्या सपाटीवर तयार झालेल्या पायांसाठी मार्ग

माळरान

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली की जानेवारीच्या अखेरीस आमचा छोटा गट सायकली घेऊन कोकणात उतरणार आहे. हा पट्टा मी आधी चालवलेला आहे. सोलापुरातून बरेच जण विचारतात, म्हणून सगळं या धाग्यात एका जागी लिहून ठेवतो. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घालावी.

आधी नकाशा उघडून गुहागर तालुका बघा. उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्री नदीची जयगड खाडी, पश्चिमेला समुद्र. तीन बाजूंनी पाणी आणि मधे सगळा डोंगर. किनाऱ्याने जाणारा रस्ता, म्हणजे रेवस-रेड्डी सागरी महामार्ग, दोन्ही खाड्यांवर तुटतो आणि तिथे आपल्याला फेरीबोटीत चढावं लागतं. दाभोळ-धोपावे एक आणि तवसाळ-जयगड दुसरी. बोटीने खाडी काही मिनिटांत पार होते. तीच दाभोळहून गुहागरला रस्त्याने जायची म्हटली तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो.

आता मुख्य मुद्दा. आपण सोलापूरकर किलोमीटरवर विचार करतो. अक्कलकोट जाऊन-येऊन ऐंशी, पंढरपूर जाऊन-येऊन दीडशे, हे आपल्याला हातचं वाटतं. त्या हिशेबाने कुणी कोकणात रोज १२० किलोमीटर ठरवून गेला तर दुसऱ्या दुपारी त्याचे पाय बोलायला लागतात. तिथे अंतराऐवजी चढ मोजावा लागतो. किनाऱ्याच्या रस्त्याला शंभर किलोमीटरमागे हजार मीटरच्या वर चढ सहज होतो, आणि तो एका घाटात मिळत नाही. तुकड्या-तुकड्यांत मिळतो.

याचं कारण जमिनीतच आहे. किनाऱ्यालगत जांभ्या दगडाची पठारं आहेत, स्थानिक लोक त्यांना सडा म्हणतात. शे-दीडशे मीटर उंच, वरून बऱ्यापैकी सपाट. सह्याद्रीतून येणाऱ्या आखूड, जोरदार नद्या-ओढ्यांनी हे सडे चिरत चिरत समुद्र गाठला आहे. वस्ती, देऊळ, नारळी-पोफळीच्या वाड्या हे सगळं खाली, पाण्याजवळ. म्हणून रस्ता सड्यावरून गावात उतरतो, पूल ओलांडतो आणि लगेच पुढच्या सड्यावर चढतो. चढाचा आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. एकेक चढ दोन-तीन किलोमीटरचाच असतो, पण मधे मधे १० टक्क्यांचा, आणि वळणावर आतल्या बाजूने त्याहून खडा.

आमचा बेत असा आहे:

सोलापूरहून पिकअपमध्ये सायकली घालून पंढरपूर, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर. साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. हा दिवस प्रवासातच जातो, त्यात सायकल चालवायचा हट्ट धरू नका.

पहिला दिवस उत्तरेकडचा फेरा. गुहागर, अंजनवेल, गोपाळगड, टाळकेश्वर, वेलदूर, धोपावे आणि परत. अंतर कमी आहे, मुद्दाम कमी ठेवलंय. इथल्या चढांची सवय व्हायला हा फेरा चांगला.

दुसरा दिवस मोठा. गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, बोटीने जयगड, मग गणपतीपुळे.

तिसऱ्या दिवशी मालगुंड बघून आरे-वारेमार्गे रत्नागिरी, दुपारपर्यंत. तिथून पिकअपने आंबा घाट, कोल्हापूर, सांगली, मंगळवेढा, सोलापूर. राष्ट्रीय महामार्ग १६६ रत्नागिरीतून निघतो आणि थेट आपल्या गावात येतो, त्यामुळे परतीचा रस्ता शोधायचं कामच नाही.

हिप्परगा_पहाट

मालक, एक नंबर लिहिलंय. माझ्याकडे रोड बाईक आहे, पुढे ५०-३४, मागे ११-२८ दात्यांच्या चकत्या. तुळजापूरचा घाट या गिअरवर बसून चढतो मी. कोकणात चालेल का बदलावं लागेल?

माळरान

तुळजापूरचा घाट एकदा चढला की संपतो, वर देवीचं दर्शन घेऊन आपण निवांत होतो. इथे तसा घाट दिवसातून पुन्हा पुन्हा येतो आणि त्याहून खडा असतो.

आकड्यात बघू. सायकलसकट वजन ८० किलो धरा, चढ १० टक्के, पायडल मिनिटाला ६० फेरे. पुढे ३४, मागे २८ वर वेग ताशी ९ किलोमीटरच्या थोडा वर येतो आणि नुसतं वजन वर उचलायला २०० वॅटच्या आसपास ताकद लागते. मागे ३४ दाती चकती असेल तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग साडेसातवर येतो आणि ताकद १६५ वॅटपर्यंत उतरते. पहिल्या चढाला हा फरक जाणवणार नाही. सहाव्या चढाला मात्र २०० वॅटवाला उभा राहून दाबत असतो आणि १६५वाला बसून बोलत असतो.

त्यामुळे ११-३२ किंवा ११-३४ कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, लावा. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आखूड पिंजऱ्याचा असेल तर तो एवढी मोठी चकती घेईलच असं नाही, आणि चेनही लांब लागेल. मेकॅनिकला डिरेलरचं मॉडेल दाखवूनच सामान मागवा.

सायली_दे

आमच्याकडे दोन हायब्रिड आहेत, पुढे तीन चकत्या. त्या आणल्या तर चालतील का? रोड बाईकवाल्यांच्या मागे राहू अशी भीती वाटते.

माळरान

ताई, बिनधास्त आणा. पुढची छोटी चकती तिथे सोनं आहे. सपाटीवर मागे पडाल, पण या रस्त्यावर सपाटी आहेच किती? शिवाय हायब्रिडचे टायर जाड असतात. सड्यावर बऱ्याच ठिकाणी डांबराची कड तुटलेली आणि जांभ्याची लाल खडी रस्त्यावर आलेली असते. रोड बाईकवाल्यांनीही २३ मिलिमीटरचे टायर घरी ठेवून २८चे लावावेत, फ्रेममध्ये बसत असतील तर.

खाडीपलीकडे

मी गुहागरचा. धागा वाचून आनंद झाला. सोलापूरकडची मंडळी आमच्याकडे गाडीने येतात, चौपाटीवर फिरून परत जातात. सायकलने येणाऱ्याला तालुका खरा कळतो.

काही गोष्टी सांगतो.

पाणी खाली भरा. वर सड्यावर ना सावली, ना नळ, ना दुकान. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी अशा गावांत उतरलात की दोन्ही बाटल्या भरल्याशिवाय चढ सुरू करू नका. एक बाटली अर्धी आहे म्हणून निघालेला माणूस वर गेल्यावर उन्हात सापडतो.

फेरीबोटीची वेळ आदल्या दिवशी फोन करून किंवा जेटीवर विचारूनच ठरवा. सायकल सहज घेतात, गाड्या लागल्यावर कडेला उभी करतात. जेटीचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, तिथे सायकलवरून उतरून चाला. पायडलला अडकणारे क्लीटचे बूट असतील तर आणखी जपून.

उतारावर घाई करू नका. वळणापलीकडून एसटी येते, चिऱ्यांनी भरलेला ट्रक येतो, आणि रस्ता दीड गाडीचा असतो. आमचे ड्रायव्हर हॉर्न देतात, पण सायकलला हॉर्न नसतो. घंटी लावा, ती शहरापेक्षा इथे जास्त उपयोगी पडते.

आणि हेदवीला बामणघळ बघायची असेल तर भरतीची वेळ साधा. खडकाच्या अरुंद चिरेत लाट शिरते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती चीर दिसेल. दशभुज गणपतीचं देऊळ वर आहे, तिथला चढ छोटा पण दमदार आहे.

माळरान

दादा, फार उपयोगी. पाण्याचं तर मी मूळ लेखातच घालायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. हेदवीहून परत गुहागरला यायचं असेल तर आबलोली-शृंगारतळीवरून आतला रस्ता कसा आहे? आमच्यातले दोघं पुढे रत्नागिरीला येणार नाहीत, त्यांना फेरा पूर्ण करून गुहागरला परतायचंय.

खाडीपलीकडे

चांगला पर्याय आहे. समुद्र दिसत नाही, पण रहदारी कमी आणि झाडी जास्त. चढ तिथेही आहेत, फक्त किनाऱ्याइतके तुटक नाहीत. शृंगारतळी ही मोठी बाजारपेठ आहे, पंक्चरचं सामान, केळी, जेवण सगळं मिळेल. तिथून गुहागरकडे येताना मात्र चिपळूणचा रस्ता लागतो आणि त्यावर वाहनं भरपूर. संध्याकाळी अंधार पडायच्या आत पोचा.

कंबरतलाव

दिशेबद्दल माझं वेगळं मत आहे. रत्नागिरीहून सुरू करून उत्तरेकडे यावं. आपण डावीकडून चालवतो, उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला राहतो. म्हणजे पाण्याकडची कड आपली. थांबायचं असेल तर रस्ता ओलांडावा लागत नाही, फोटोला मधे गाडी येत नाही. आरे-वारेच्या वळणावर तर हा फरक फार जाणवतो. एवढ्या लांब समुद्र बघायला जायचं आणि तो गाड्यांच्या पलीकडून बघायचा, हे मला पटत नाही.

माळरान

तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि आरे-वारेपुरतं मी तो मान्यही करतो. तरी मी उत्तरेकडून दक्षिणेला जाण्याच्याच बाजूने आहे, कारण वारा.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कोकणात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तोही हलका. जमीन तापली की दुपारी तो उलटतो आणि समुद्राकडून, बहुतेक वेळा वायव्येकडून, जोरात येतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीमागून किंवा बाजूने मिळतो. उत्तरेकडे जाणाऱ्याच्या तोंडावर येतो, आणि येतो नेमका दुपारी, पाय थकलेले असताना, उघड्या सड्यावर. आपण सोलापूरचे, वाऱ्याची किंमत आपल्याला सांगायला नको. जूनमध्ये पुणे रोडने मोहोळकडे जाताना समोरून येणारा पश्चिमेचा वारा काय करतो ते सगळ्यांनी अनुभवलंय.

ज्यांचा बेत फक्त रत्नागिरी ते गणपतीपुळे एवढाच आहे त्यांनी मात्र तुमचं ऐकावं. सकाळी लवकर निघून उत्तरेकडे जावं, वारा उठायच्या आत पोचता येतं.

कंबरतलाव

हे चालेल. सकाळचा टप्पा उत्तरेकडे, दुपारचा दक्षिणेकडे, असं जमवता आलं तर उत्तमच.

निवृत्त_पण_चालू

माझं वय ६१. गुडघ्याची तक्रार आहे, पण डॉक्टरांनी सायकलला हरकत घेतलेली नाही. रोज सकाळी विजापूर रोडने वीस-पंचवीस किलोमीटर होतात. या गटात माझ्यासारख्याने यावं का? खरं उत्तर द्या, वाईट वाटणार नाही.

माळरान

काका, या. तुमच्यासाठी दोन अटी. एक, सर्वात हलका गिअर लावून पाय भरभर फिरवायचे. जड गिअरवर सावकाश दाबत चढलात तर सगळा भार गुडघ्यावर येतो. मिनिटाला ७० फेरे ठेवायचा प्रयत्न करा, ६०च्या खाली जायला लागलात की उतरून सायकल ढकला. चढावर चालण्यात कसलाही कमीपणा नाही. १० टक्क्यांच्या चढावर ढकलत जाणारा आणि चालवत जाणारा यांच्यात वेळेचा फरक तुम्हाला वाटतो तेवढा नसतो.

दोन, दुसऱ्या दिवशी पिकअप आपल्या मागे हेदवीपर्यंत येणार आहे. तिथे दम लागलेला असेल तर सायकल आत टाका आणि बोटीला भेटा.

आणि येण्याआधी डॉक्टरांना एवढं नक्की सांगा की रस्ता डोंगराचा आहे. सपाटीवरची परवानगी आणि डोंगरावरची परवानगी वेगळी असू शकते.

सायली_दे

काका, मीही चढावर उतरणार आहे, सोबत होईल.

बायकांसाठी विचारते. आम्ही दोघी आहोत. राहायची सोय, वाटेत स्वच्छतागृह, अशा गोष्टी?

वेगाआधी_विसावा

ताई, मी आणि माझ्या वहिनी गुहागर-गणपतीपुळे पट्ट्यात सायकलने फिरलोय. घरगुती राहायच्या जागा पुष्कळ आहेत आणि बहुतेक ठिकाणी घरातल्या बायकाच सगळं बघतात, त्यामुळे अवघडल्यासारखं होत नाही. वेळणेश्वर, हेदवी, गणपतीपुळे या देवस्थानांपाशी स्वच्छतागृह मिळतं. सड्यावर काहीच नाही, तेव्हा गावात थांबलात की आठवणीने जाऊन या. आम्ही जेवणाच्या ठिकाणी विचारायचो, कुणी नाही म्हटलं नाही. रात्रीच्या मुक्कामाचं जेवण सकाळीच फोनवर सांगावं लागतं. तिथे माणसं मोजून स्वयंपाक होतो, आयत्या वेळी गेलात तर त्या माउलीची धावपळ होते.

कपड्यांबद्दल एक. सोलापूरचं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो आणि अंग गार होतं. कोकणात हवेतच ओल असते, घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो. तापमान ३१-३२ असलं तरी आपल्या चाळिशीपेक्षा जास्त दमायला होतं. सुती टीशर्ट अजिबात नको. पाण्याबरोबर मीठ हवंच. मी एका बाटलीत ओआरएस आणि एका बाटलीत साधं पाणी ठेवते, आणि थांबलं की कोकम सरबत.

हिप्परगा_पहाट

खायला काय न्यायचं? आमच्या घरून कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधायला सुरुवातसुद्धा झालीय.

माळरान

न्या की! कडक ज्वारीची भाकरी दमट हवेत दुसऱ्या दिवशी मऊ पडते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शेंगा चटणीत मीठ, तेल, शेंगदाणे, सगळं आहे, मुक्कामाच्या जेवणाला उत्तम. सायकल चालवताना मात्र तिखट नको, पोटात जळजळ होते. तेव्हा केळी, चिक्की, खजूर. आणि तिथे जाऊन तिथलं खा हो. सकाळी घावन किंवा आंबोळी, दुपारी सोलकढी-भात. जिथे मिळेल तिथे उकडीचा मोदक, पण चढाच्या आधी एकच.

बुरूज_आणि_बंदर

विषय सायकलचा आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या दिवशी धोपाव्याला पोचलात की बोटीने पलीकडे दाभोळला एक चक्कर टाकाच. हे बहमनी आणि नंतर आदिलशाही काळातलं दख्खनचं मोठं बंदर. अरबस्तानातून घोडे इथे उतरायचे, दख्खनचा माल इथून बाहेर जायचा. १५०८ सालच्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर लुटून जाळलं, इतकं ते महत्त्वाचं होतं. पाण्याजवळची दगडी शाही मशीद पाहिलीत तर विजापूरच्या इमारतींशी असलेलं नातं लगेच ओळखू येईल.

आपल्या भुईकोट किल्ल्याची सत्तासुद्धा याच बहमनी आणि आदिलशाही घराण्यांकडे होती. पठारावरची राजधानी आणि किनाऱ्यावरचं बंदर यांना जोडणाऱ्या वाटा सह्याद्रीच्या घाटांतून जायच्या. तुम्ही पिकअपमध्ये बसून पठारावरून खाडीपर्यंत जाणार आहात, तेव्हा खिडकीतून घाट बघताना बैलांचे तांडे डोळ्यांपुढे आणा. गोपाळगडही दाभोळच्या खाडीच्या तोंडावर पहारा द्यायला बांधलेला. तुळाजी आंग्र्यांनी सिद्दीकडून घेतल्यावर त्याला हे नाव मिळालं. जमिनीकडच्या बाजूला कातळात खोदलेला खंदक आहे, तो चुकवू नका.

माळरान

वा, हे मला हवंच होतं. पहिल्या दिवसाचं अंतर कमी ठेवल्याचं आता आणखी समाधान वाटतंय. दाभोळ पक्कं.

यात एक भर माझीही. कुंभार्ली घाटाच्या माथ्याकडे जाताना कोयनेचं पाणी आपल्या शेजारी असतं. त्यातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पोफळी गावाकडे उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. पुढे दाभोळची खाडी ओलांडताना बोटीखाली तेच पाणी असतं. पूर्वेला वाहून कृष्णेला जाणारं पाणी माणसाने पश्चिमेच्या समुद्राकडे वळवलंय. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातल्या आपल्यासारख्या दुष्काळी भागातल्या माणसाच्या मनात तिथे उभं राहिल्यावर बरंच काही येतं. त्यावर वेगळा धागा काढू कधीतरी.

हिप्परगा_पहाट

ब्रेकचं काय? माझे रिम ब्रेक आहेत.

माळरान

चालतील, पण निघण्याआधी पॅड नवे टाका. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका, रिम तापते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग कमी करा, वळणात सोडा, पुढच्या वळणाआधी पुन्हा दाबा. हात खालच्या दांड्यावर ठेवा, तिथून ब्रेकवर पकड चांगली बसते. सोलापुरात आपल्याला ब्रेक लागतो तो कुत्रं आडवं आलं की. सलग दोन किलोमीटर उतरताना तळहात आणि खांदे कसे दुखतात याची सवय आपल्याला नाही, तेव्हा घाटात सराव करताना चढाइतकंच लक्ष उतरण्याकडे द्या.

आणि रोज संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने पुसून चेनला तेल. खाऱ्या हवेत चेन एका रात्रीत तांबूस दिसायला लागते. वाळूत सायकल नेऊ नका, चौपाटीचा फोटो बांधावरूनही चांगला येतो.

विडीघरकुल

पावसाळ्यात गेलं तर? हिरवं कोकण बघायचंय.

खाडीपलीकडे

सायकलने नको. रस्त्यावर शेवाळ धरतं, वळणांवर माती वाहून येते, आणि समुद्र खवळला तर बोट थांबते. हिरवं बघायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी या. सड्यावर गवत असतं, ओढे वाहते असतात. जानेवारीत गवत पिवळं पडलेलं असेल, पण हापूसच्या बागांना मोहोर असेल आणि चढावर त्याचा वास येत राहील.

निवृत्त_पण_चालू

डॉक्टरांकडे जाऊन आलो. हलक्या गिअरची आणि चालण्याची अट त्यांनीही घातली. म्हणजे येतोय. सराव कसा करायचा ते सांगा.

माळरान

आनंद झाला काका! सगळ्यांसाठी लिहितो.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, पण आजूबाजूला जवळपास सपाट. आपल्या आवाक्यात खरा चढ एकच, तुळजापूरचा घाट, बालाघाटच्या कडेवरचा. तुळजापूर ४५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन नव्वद होतातच. घाटाच्या पायथ्याशी पोचलं की एकदा वर जाऊन देवीकडे न जाता खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. आधी दोनदा, पुढच्या आठवड्यात तीनदा, मग चारदा. अंतर तेवढंच ठेवा, चढ वाढवा. महामार्गावर अवजड वाहनं असतात, म्हणून पहाटेच उरकायचं, एका रांगेत, मागे लाल दिवा लावून.

मधल्या दिवशी ज्यांना घाटापर्यंत जमत नाही त्यांनी वाऱ्याच्या तोंडावर जड गिअरने वीस-वीस मिनिटं चालवा. काका, हे तुमच्यासाठी नाही, तुम्ही हलकाच गिअर ठेवा.

या रविवारी पहिला सराव. पहाटे साडेपाचला जुना तुळजापूर नाका. पुढे-मागे दिवा, हेल्मेट, दोन बाटल्या, एक जादा ट्यूब. काकांसोबत सायली ताई आणि मी शेवटी राहणार आहोत, त्यामुळे कुणी एकटं पडणार नाही. ज्यांना कॅसेट बदलायचीय त्यांनी शनिवारपर्यंत डिरेलरचं मॉडेल इथेच लिहा, सगळ्यांचं सामान एकदमच मागवू.

हिप्परगा_पहाट

मी साडेपाचला नाक्यावर. डिरेलरचं नाव उद्या सकाळी उजेडात बघून टाकतो.

खाडीपलीकडे

गुहागरला पोचायची तारीख ठरली की कळवा. त्या दिवशीची भरतीची वेळ बघून ठेवतो, म्हणजे हेदवीला किती वाजता पोचायचं ते ठरवून मागे हिशेब करता येईल.